हद्द कायम

पद्मजानं पाठवलेला नकाशा
मी जेवणाच्या टेबलावर पसरला.
तीन कोपऱ्यांवर चटणीची बरणी, अडकित्ता, चष्म्याचं घर,
चौथ्यावर माझाच हात.
नेब्रास्का.
एकतीस वर्षं करवीर-शिरोळची रानं मोजली,
असला तुकडा कधी समोर आला नाही:
पश्चिम सरळ, दक्षिण सरळ,
नैऋत्येला कोलोरॅडोनं घेतलेला चौकोनी घास,
धाकट्याला कोपऱ्यातला वाटा काढून द्यावा तसा.

कुणी मारली असेल ही रेघ?
वाटेत कुणाचं खोपट होतं, कुणाची पांढरी,
हे रेघेनं विचारलेलं दिसत नाही.
ओमाहा नावाचं मोठं शहर आहे तिथं.
त्या नावाची माणसं आधीची, पद्मजा सांगते,
त्यांना आता वर एक तुकडा राखून दिलाय.

आमची साखळी तेहेतीस फुटांची, सोळा आण्यांची.
त्यांची सहासष्ट. म्हणजे बरोबर आमच्या दोन.
हे कळलं त्या रात्री मला उगाच बरं वाटलं,
व्याह्यांकडचं गोत्र जुळावं तसं.

गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर मी सांगितलं,
तिथं विधानसभेला एकच सभागृह,
माणसं एकोणपन्नास,
आणि मतपत्रिकेवर पक्ष छापत नाहीत.
कारखान्याचे माजी संचालक दत्तूआप्पा ओठांवरचा फेस पुसत म्हणाले,
"मग आमच्या दूध संघागत की!
पॅनेल कुठलं, विमान का कपबशी, तेवढं विचार पोरीला."
विचारलं.
ती हसली. "सगळ्यांना माहीत असतं, बाबा, कोण कुणाचा."

पूर्वेची हद्द तेवढी वाकडी. मिसुरी नदी.
एका वर्षी तिनं पात्र बदललं
आणि शेजारच्या राज्याचं एक गाव
नेब्रास्काच्या काठावर राहून गेलं.
कोर्टात गेले, निकाल लागला:
नदी गेली तरी गाव ज्याचं त्याचंच.
मला वाडीखालची मळी आठवली,
कृष्णेनं उचलून पलीकडच्या गटाला लावलेली,
बारा वर्षं चाललेला दावा,
आणि दोन्ही वादी एकाच टेम्पोतून तारखेला यायचे.

नोव्हेंबरात तिनं तिकडं पहिलं मत दिलं.
कोटावर गोल चिकटपट्टी लावलेला फोटो आला.
मग आवाज जरा खाली घेऊन,
"बाबा, तिकडच्या यादीतलं नाव
कमी करायला हवं ना आता."

नमुना सात.
शाळेच्या व्हरांड्यात कुंभारबाई बसल्या होत्या,
पोषण आहाराच्या पोत्याला टेकून.
हाच नमुना मी सहा वर्षांपूर्वी भरला होता,
पद्मजाच्या आईसाठी. तेव्हा कारण वेगळं होतं.
बाईंचं पेन घुटमळलं.
"स्थलांतरित लिहू का, काका? बरं वाटतं वाचायला."
मी म्हटलं, नको.
आहे तसं लिहा. भारताची नागरिक नाही.
मी आयुष्यात वाकडी रेघ मारली नाही, बाई,
सख्ख्या मेहुण्याच्या बांधालासुद्धा.
सही करताना मात्र
मगदूममधला 'द' दोनदा गिरवावा लागला.

यादीत मी सहाशे तेरा, ती चौदा.
पुढच्या यादीत आकडे वर सरकतील,
माझ्या बांधाला अकिवाट्यांचा पोरगा येईल.
चांगला आहे. मोटारसायकल फार जोरात चालवतो.

नकाशाची घडी घालताना वरची रेघ पुन्हा दिसली.
उत्तर हद्द: अंश त्रेचाळीस.
हा आकडा आमच्या घरी सगळ्यांना पाठ,
राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा धोका ओलांडते तो.
दर जुलैत, तिच्याकडं मध्यरात्र असताना,
तिचा फोन येतो. हॅलो नाही, कसे आहात नाही:
"किती फूट झालं?"

जुलैला अजून आठ महिने आहेत.
मी नकाशाच्या मागं, कोऱ्या बाजूला,
पेन्सिलीनं आजची पातळी लिहून ठेवली.